साडेसहा हजार रुपये आणि एक फोल्डर

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी फक्त एवढं वाचा: मेमरी कार्डावरचे फोटो उडाले तर कार्ड लगेच कॅमेऱ्यातून काढा, त्यावर नवा एकही फोटो काढू नका, आणि पैसे मोजण्याआधी मला फोन करा.

दुपारी समोरच्या काकू पेनड्राइव्ह घेऊन आल्या. काकांच्या एकसष्टीच्या फोटोंचं कार्ड नातवाच्या हातून फॉरमॅट, म्हणजे रिकामं, झालं होतं. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात ते कार्ड दिलं. "डेटा उडालाय, लॅबला पाठवावं लागेल, साडेसहा हजार." काकूंनी दिले. फोटो परत मिळाले म्हणून माझ्याकडे पेढे घेऊन आल्या होत्या बिचाऱ्या, आणि "जरा टीव्हीवर लावून दे गं" म्हणाल्या.

मी पेनड्राइव्ह लावला आणि आत फोल्डर दिसलं. नाव: रिकप डिर, पुढे टिंब आणि 1. आतल्या फोटोंना नावं नाहीत, नुसता एफ आणि पुढे लांबच लांब आकडे.

कसली लॅब? हे फोल्डर मी ओळखते. आई गेली त्या वर्षी, 2019 च्या दिवाळीत, मी रात्री दीड वाजता याच नावाच्या फोल्डरसमोर बसून रडले आहे.

आईचे शेवटच्या दोन वर्षांतले सगळे फोटो एका छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या कार्डावर होते. भाच्याने खेळता खेळता बटणं दाबली आणि कार्ड रिकामं. मलाही तेव्हा एका दुकानात असाच मोठा आकडा सांगितला होता, वर "गॅरंटी नाही". घरी आले, झोप येईना, नेटवर शोधत बसले. तिथे फोटोरेक सापडलं, उडालेले फोटो परत मिळवणारं सॉफ्टवेअर. क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच माणसाने लिहिलेलं, मुक्त परवान्याचं, पूर्ण फुकट. उघडलं तर काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं. भीतीच वाटली. चार-पाच वेळा एंटर दाबलं आणि खाली सापडलेल्या फोटोंचा आकडा चढायला लागला. जेपीजी 12. जेपीजी 41. जेपीजी 187. सापडलेले फोटो ते ज्या फोल्डरात टाकतं, त्याचंच नाव रिकप डिर.

हे होतं कसं, तर आमच्या पंचवटीतल्या वाड्यासारखं. दारावरची नावांची पाटी काढली म्हणून आतली बिऱ्हाडं हलत नाहीत. कॅमेऱ्यात साधं फॉरमॅट केलं की बहुतेक वेळा ती पाटीच जाते, फोटो जागेवरच असतात. फोटोरेक पाटीकडे बघतच नाही, खोली-खोलीत डोकावतं. प्रत्येक जेपीजी फोटोची सुरुवात ठरावीक खुणेने होते, एफएफ डी8. ती दिसली की तिथून फोटो उचलायचा. अशा 480 हून जास्त प्रकारच्या फायली त्याला ओळखता येतात. नावं पाटीबरोबर गेलेली असतात, म्हणून ते एफ आणि आकडे. नवं बिऱ्हाड येऊन सामान मांडलं की मात्र जुनं गेलंच. म्हणून म्हणतेय, नवा फोटो काढू नका, आणि सापडलेले फोटो त्याच कार्डावर साठवू नका.

हो, दुकानदाराला भाडं असतं, वेळ जातो, आणि मुक्त सॉफ्टवेअर वापरून पैसे घेणं बेकायदाही नाही. मान्य. तीनशे घ्या, पाचशे घ्या, चहा माझ्याकडून. पण "लॅबला पाठवावं लागेल"? पेन्शनवर घर चालवणाऱ्या बाईला? तिकडे एक माणूस वर्षानुवर्षं काम करून जगाला फुकट देतो आणि इकडे त्याच्या नावाचा साधा उल्लेखही न करता त्याच्या कामाचे साडेसहा हजार. याचा मला संताप येतो.

आणि आपणही "फुकटचं आहे म्हणजे काहीतरी गडबड असणार" म्हणून मोकळे होतो. दिवसभर 'भन्नाट गॅजेट'चे रील बघतो, त्यातला रंगीत दिवा मागवतो, पण हे कुणी कुणाला सांगत नाही. त्या रात्रीनंतर मला नादच लागला. बाबांच्या कॅसेटमधली खरखर ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट सॉफ्टवेअरने काढली, नुसत्या खरखरीचे दोन सेकंद निवडून दाखवले की ते बाकीच्यातून ती वेगळी करतं. भाच्याच्या बंद पडत आलेल्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, अजून चालतोय. एक रुपया गेला नाही.

सगळं याने होत नाही, हेही सांगते. कार्ड तुटलं-जळलं असेल तर खरंच लॅब लागते, आणि आताच्या फोनच्या आतल्या मेमरीसाठी हे उपयोगाचं नाही.

आईचा एक फोटो अर्धाच आला होता. गच्चीवर कुरडया घालताना, पदर खोचलेला, आणि "काढू नको गं" म्हणत कॅमेऱ्याकडे वळलेली. चेहरा स्वच्छ. खांद्याखाली सगळं करडं. तिथे नवं काहीतरी लिहिलं गेलं होतं. सोऱ्या धरलेले हात नाहीत. मी तोच मोठा करून लावलाय, घरी आलेल्यांनी पाहिला असेल.

काकूंना मी साडेसहा हजारांचं काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं का, कळत नाही. त्या एवढ्या खुशीत होत्या. संध्याकाळी आम्ही दोघी बसून फोटोंना नावं दिली. त्या सांगत होत्या, मी टाइप करत होते: औक्षण. एकसष्ट दिवे. काकांचे डोळे भरले तो. धाकट्या जावेची पैठणी. फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आतच असते, ती शाबूत होती, त्यामुळे क्रमही लागला. दोनशे चौदा फोटो झाले, अजून साठ-सत्तर राहिलेत.

उद्या रविवार आहे. नाशिकमध्ये कुणाकडे असं रिकामं झालेलं कार्ड पडून असेल तर घेऊन या, मी दिवसभर घरीच आहे.