नोबेलवाली पावडर आणि गच्चीवरची वीज

नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘नोबेल मिळालेली एमओएफ पावडर येतेय. ग्रॅमभरात फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग, आत धातू, म्हणून ऊन शोषून थेट वीज देते. नवतपात दुप्पट! सोलर पॅनलची घाई करू नका.’

नोबेल खरं आहे. 2025चं रसायनशास्त्राचं, कितागावा, रॉबसन आणि याघी यांना. पण ते एमओएफ (मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क), म्हणजे धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेल्या सच्छिद्र रचना, घडवल्याबद्दल. वीज बनवल्याबद्दल नव्हे.

मैदानाचं मापही खोटं नाही, फक्त ते छिद्रांच्या आतलं आहे. ऊन गच्चीच्या मापानेच पडतं, भर दुपारी चौरस मीटरला साधारण 1000 वॅट. त्याहून जास्त आणणार कुठून?

खरी गफलत ‘शोषते म्हणून वीज देते’ इथे आहे. रचनेतल्या पॉर्फिरिनसारख्या रेणूने प्रकाश शोषला की ती ऊर्जा शेजारच्या रेणूकडे, तिथून पुढच्याकडे जाते. निरोप पोचतो, माणूस जागचा हलत नाही. ऊर्जा अशी पुढे जाण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. फर्स्टर पद्धतीत दोन रेणूंमधलं अंतर दुप्पट झालं की वेग 64 पटींनी घटतो. डेक्स्टर पद्धतीत इलेक्ट्रॉनांची अदलाबदल होते खरी, पण एक गेला की दुसरा येतो; हिशेब शून्य. विजेसाठी उत्तेजित रेणूने इलेक्ट्रॉन कायमचा दुसऱ्याला द्यायला हवा आणि तो परत फिरायच्या आत तारेत पोचायला हवा. इथेच घोडं अडतं. एमओएफ वापरून प्रकाशाने पाण्यातून हायड्रोजन काढण्याच्या बऱ्याच प्रयोगांत म्हणूनच ट्रायइथेनॉलअमाइनसारखं रसायन ओततात. ते स्वतः खर्च होऊन इलेक्ट्रॉन पुरवतं. अशा प्रयोगांच्या व्हिडिओत हायड्रोजनचे बुडबुडे दिसतात, या रसायनाची बाटली दिसत नाही.

‘आत धातू आहे’ म्हणे! आहे, पण अणू सुटे सुटे, मधे सेंद्रिय रेणू. बहुतेक एमओएफ विद्युतरोधकच. 2014मध्ये तांब्याच्या एका एमओएफच्या छिद्रांत टीसीएनक्यू नावाचे रेणू भरून वाहकता दहा लाख पटींनी वाढवली. काम जबरदस्तच, पण आकडा पोचला मीटरला 7 सीमेन्सवर (हे वाहकतेचं माप). तांब्याच्या तारेचा सुमारे 6 कोटी.

राहिला नवतपा. पॅनलला उजेड हवा, तापणं नको. सिलिकॉन पॅनलची क्षमता 25 अंशांवर मोजतात. त्यावर दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के घट. तरीही ते वीज देतं, आज, मीटरवर दिसेल अशी. पावडरीचं बुकिंग कोणी मागितलंच, तर एका चौरस मीटरला किती व्होल्ट आणि किती अँपिअर, एवढं लिहून मागा.