तिकडे ठीक आहे, मामा

एवढं म्हणून भाच्यानं फोन ठेवला. एप्रिलमधली गोष्ट. नऊ महिने होत आले, पण ते वाक्य काही कानातून जात नाही. इथं जर्मनीत, हॅनोवरला, ट्राममध्ये बसलो की आठवतं, रात्री भांडी मशीनमध्ये लावताना आठवतं, आणि दर वेळी त्याला द्यायचं उत्तर एका ओळीनं लांबतं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

भांडण कुत्र्यावरून झालं. ताईकडे, नागपूरला बजाजनगरात, सिंबा नावाचा लॅब्रेडॉर आहे. दोन वर्षांचा, तेव्हा ३८ किलोचा. त्यातले चार-पाच किलो निव्वळ ताईच्या तुपाचे. भाच्याची शुगर काठावर आली, डॉक्टरांनी धावायला सांगितलं, आणि पठ्ठ्यानं ठरवलं की एकटं कशाला, सिंबालाही घेऊ. कल्पना उत्तम. अंमलबजावणी मात्र अस्सल आमच्या घरची. मुहूर्त लागला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, उठायला उशीर, निघायला साडेसात, आणि पहिल्याच दिवशी थेट फुटाळा तलावापर्यंत जाऊन परत. गळ्यात पट्टा, पायाखाली सिमेंट रोड.

येताना लॉ कॉलेज चौकाजवळ सिंबा बसला. मग आडवा झाला. जीभ वीतभर बाहेर, रंग गडद लाल, लाळेच्या तारा, आणि हाक मारली तर डोळे भलतीकडेच. नशीब असं, की दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणारा टँकर तिथंच उभा होता. टँकरवाल्यानं कुणाला न विचारता पाइप वळवला, आधी पायांवर, मग पोटाखाली. त्याच्या जोडीदारानं तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडून वारा घातला. ऑटोत घालून दवाखाना, सलाइन, दोन दिवस. वाचला.

त्या दोघांना कुत्र्याच्या उष्माघाताचं प्रशिक्षण कुणी दिलं होतं मला माहीत नाही, पण त्यांनी केलं ते तंतोतंत बरोबर होतं. सावली, साधं गार पाणी, वारा, आणि मग डॉक्टर. बर्फ नाही, बळजबरीनं तोंडात पाणी ओतणं नाही.

नंतर घरच्या ग्रुपवर जे सुरू झालं त्यानं माझं डोकं फिरलं. ताई म्हणे, कुत्रा म्हणजे काय रेसचा घोडा आहे का? पोळी खावी, दारात भुंकावं. भाऊजी म्हणे, हे सगळं रील पाहून होऊन राहिलं. कॉलनीतल्या एका निवृत्त काकांना खबर लागली, त्यांनी तेवढ्यात बागेतल्या वॉकिंग ट्रॅकवर कुत्र्यांना बंदी करा अशी मागणी रेटली. आतेभावानं हसण्याची तीन चित्रं टाकली. कुत्र्याबरोबर धावावं की नाही यावर दीडशे मेसेज, आणि कसं धावावं यावर एकही नाही. मग मी हॅनोवरहून एक मेसेज लिहिला. तीस ओळींचा. तो ‘आणखी वाचा’च्या खाली गेला आणि बहुधा मीच तेवढा वाचला. म्हणून भाच्याला फोन केला, आणि वरचं वाक्य ऐकून घेतलं.

तिकडे ठीक आहे म्हणजे काय, सांगा ना! तिकडच्या कुत्र्याला कल्ले असतात का? कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडासा येतो, बाकी सगळी भिस्त धापेवर. एरवी त्याचं अंग ३८-३९ अंशांवर असतं, ४१ झालं की जीव धोक्यात. हे हॅनोवरला जेवढं खरं तेवढंच बजाजनगरात. उलट तिथं जास्तच. ज्या गावात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला, त्या गावानं हे जर्मनांना शिकवायला हवं होतं. आमच्याकडे जूनमध्ये ३२ अंश झाले तर शेजारची बाई आपला डॅशहुंड कडेवर घेऊन डांबरी रस्ता ओलांडते. नागपुरात मी मनीषनगरात भर मेमध्ये हस्की, बर्फातला केसाळ कुत्रा, पाहिला आहे.

हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवा. सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पायही तिथं टेकवू नका. इतकं सोपं आहे. यासाठी कुठला देश लागतो?

आणि नागपुरात सिमेंट रोड झाल्यापासून तर रात्रीही सुटका नाही. दिवसभर प्यायलेलं ऊन तो रस्ता मध्यरात्रीपर्यंत ओकत असतो. म्हणजे ‘संध्याकाळी नेतो’ हे उत्तर उन्हाळ्यात चालत नाही. पहाटे पाच, तेही मातीवर, मैदानावर. एप्रिल ते पहिला पाऊस फक्त चालणं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, असेल तर तेही अंगणापुरतं. मग धावायचं कधी? अहो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी नागपूरसारखी हवा आहे कुठं! इथं त्याच दिवसांत आम्ही डोक्याला दिवा बांधून काळोखात, बर्फावर टाकलेली खडी तुडवत धावतो. घरी आल्यावर कुत्र्याचे पंजे कोमट पाण्यानं धुतो, बर्फ वितळायला टाकलेल्या मिठानं चिरतात म्हणून. कुणी म्हणतं का मला, ‘तिकडे कठीण आहे, मामा’?

आता जरा आवाज खाली आणतो, कारण पुढचं ग्रुपवर लिहिलं नव्हतं.

माझ्याकडे ब्रूनो आहे. टियरहाइममधून, म्हणजे इथल्या प्राण्यांच्या अनाथालयातून, आणलेला, निम्मा शेफर्ड, निम्मा देव जाणे. आला तेव्हा आठ महिन्यांचा होता. इथं नीडरझाक्सन राज्यात २०१३ पासून कुत्रा पाळायचा तर आधी लेखी परीक्षा आणि वर्षाच्या आत प्रात्यक्षिक. मी लेखी दिलेली, पास झालेला, म्हणजे विषयातला तज्ज्ञच! तिसऱ्याच आठवड्यात ब्रूनोला घेऊन अख्ख्या माश्झे तलावाला फेरी मारली. सहा किलोमीटर. काय धावला होता! शेपटी वर, कान मागे, मधेमधे माझ्याकडे बघत. मी मनात म्हटलं, ह्याला आवडतंय. दुसऱ्या दिवशी पुढचा डावा पाय टेकवेना. डॉक्टरीण बाईंनी एक्सरे लावला, पेन्सिलनं हाडाच्या टोकाजवळची रेघ दाखवली आणि शांतपणे विचारलं, हे पोर आहे हे तुम्हाला कळलं नव्हतं का? ती रेघ म्हणजे हाड वाढायची जागा. लहान चणीच्या कुत्र्यांची वर्षभरात भरते, मोठ्यांना दीड वर्ष लागतं. तोवर खेळू द्या, बागडू द्या, पण पट्ट्याला बांधून लांब पळवू नका. सहा आठवडे नुसतं हळूहळू चालायचं, असा हुकूम झाला.

त्याला आवडतंय असं मला वाटलं होतं, आणि सगळी गोम तिथंच आहे. कुत्रा आवडतंय म्हणून धावत नाही. आपण धावतो म्हणून धावतो. तो ‘पुरे’ म्हणत नाही. सिंबानंही लॉ कॉलेज चौक येईपर्यंत तक्रार केली नव्हती. थांबायचं काम पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असणाऱ्यानं करायचं असतं, आणि त्या टोकाला भाचा असो की मामा, दोघांचं लक्ष घड्याळात होतं.

सहा आठवड्यांनी, पाय बरा झाल्यावर आणि पुढे वय भरल्यावर, मी नव्यानं शिकलो. आधी डॉक्टरांना दाखवायचं: हृदय, सांधे, वजन. जाड कुत्र्याला धाववून बारीक करायचं नसतं, आधी ताटलीत बारीक करायचं. जाहिरातीमुळे घरोघरी आलेला चपट्या नाकाचा पग तर या वाटेला न्यायचाच नाही, त्याला नुसता श्वास घेणं हाच व्यायाम. गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस, पुढच्या खांद्यांना मोकळा ठेवणारा. पट्टा आपल्या कमरेला, मधे ताण घेणारा लवचीक तुकडा. स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांना बर्फ नसताना तयार ठेवायचं म्हणून युरोपात ही रीत निघाली, आता तिच्या शर्यती होतात. बटणावर लांब-आखूड होणारा पट्टा मात्र धावताना नको, एक मांजर दिसलं की तुम्ही आडवे. जेवण झाल्यावर दोन-तीन तास धाववायचं नाही, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडतो आणि मग काही तासांचा खेळ असतो. सुरुवातीची दहा मिनिटं त्याची: हुंगू द्यायचं, मोकळं होऊ द्यायचं. मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. महिना असाच जातो. कंटाळा येतो. आला पाहिजे. घरी आल्यावर पंजे आणि कान तपासायचे, नागपुरात तर गोचिडांसाठी हटकून.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. सांगताना माझा स्वर काय होता तेही आठवतं. अकरा वर्षांत ही भाषा अंगात मुरते: ‘असंच असतं’, ‘नियमच आहे’. पहिली चार वर्षं या इमारतीत मला कुणी नावानं ओळखत नव्हतं. ब्रूनो आला आणि जिन्यात लोक थांबायला लागले. माझ्यासाठी नव्हे. अजूनही वरच्या मजल्यावरचे आजोबा मला ‘हेर ब्रूनो’, म्हणजे ब्रूनोसाहेब, म्हणतात, आणि मी दुरुस्त करत नाही. बायको कोचीची, घरात इंग्रजी. मुलगी जर्मनमधून भांडते. दिवसाकाठी माझी मराठी ऐकणारा जीव एकच, आणि तो चार पायांचा. प्रात्यक्षिक परीक्षेत मी ब्रूनोला ‘बस’ म्हटलं, तो बसला. परीक्षक बाईंनी रस्त्याकडे पाहिलं, बस कुठं आहे म्हणून. माश्झेच्या कडेनं धावताना मी ओरडतो, ‘अबे थांब ना!’, आणि आजूबाजूचे लोक बिचकतात.

आणखी एक. मी बारा वर्षांचा असताना आमच्या अंगणात मोती होता. लोखंडी साखळी, जांभळाचं झाड, दूध-पोळी. फिरायला नेणं वगैरे आमच्या कल्पनेतही नव्हतं. एका मेमध्ये सगळे लग्नाला अकोल्याला गेलो. शेजारी पाणी ठेवत होते, पण सावली सरकते आणि साखळी सरकत नाही. परत आलो तर मोती गेलेला. ‘ऊन लागलं,’ बाबा म्हणाले, आणि विषय संपला. मला त्याचं नेमकं काय झालं असेल ते कळलं हॅनोवरमध्ये, लेखी परीक्षेचं पुस्तक वाचताना, धापेच्या पानावर. म्हणजे भाच्यावर मी जो आवाज चढवला तो पूर्ण त्याच्यावर नव्हता. पण हे फोनवर कसं सांगणार?

डिसेंबरात नागपूरला आलो तेव्हा कॉलनीत भलताच कुत्रा गाजत होता: रस्त्यावरचा. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२५ मध्ये नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे परत त्याच भागात सोडा म्हटलं होतं, नोव्हेंबरमध्ये शाळा-दवाखाने-स्टेशनं यांच्या आवारातून हलवा आणि तिथं परत सोडू नका म्हटलं. निवृत्त काकांना २०२२ मधला नागपूर खंडपीठाचा आदेशही पाठ होता, खायला घालायचं तर दत्तक घ्या. त्याला पुढे सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली, ते त्यांना पाठ नव्हतं. मी तोंड उघडलं, ‘जर्मनीत जमिनीवरच्या प्राण्यांमधला रेबीज २००८ मध्येच...’ आणि मधेच मिटलं. कारण या एका बाबतीत माझ्या तीस ओळींत काहीच नव्हतं. आमच्याकडे १ एप्रिल ते १५ जुलै जंगलात पट्टा सोडला तर दंड होतो, हरणाच्या पिलांसाठी. पहाटेच्या काळोखात चौकात पाच कुत्रे उभे आहेत आणि तुमच्या कमरेला सहावा बांधलेला आहे, याचं उत्तर हॅनोवरच्या आयलनरीड जंगलात मिळत नाही.

भाच्याकडे मिळालं. पाऊस पडल्यावर त्यानं पुन्हा सुरुवात केली होती, मला न सांगता. सिंबा आता ३३ किलोचा. महिनाभर दोघं रोज त्याच वेळी, त्याच रस्त्यानं नुसते चालले, म्हणजे गल्लीतल्या कुत्र्यांना वास ओळखीचा झाला. आता त्यांची हद्द आली की भाचा पट्टा आखूड करतो, पलीकडच्या बाजूनं जातो, डोळ्याला डोळा देत नाही, चालतो. हद्द संपली की पुन्हा धाव. पळणाऱ्याच्या मागे कुत्रं लागतंच. ‘हेच तर तुझं एक मिनिट-दोन मिनिटं, मामा,’ तो म्हणाला. ‘फक्त आमच्याकडे शिट्टी काळू वाजवतो.’

एका पहाटे मीही निघालो. पावणेसहा, दहा अंशांची थंडी, कोपऱ्यावर पोह्यांच्या तर्रीला फोडणी पडत होती. मी चमकणाऱ्या पट्ट्यांचं हिरवं जाकीट घातलं होतं. भाचा आणि सिंबा तीन कुत्र्यांच्या समोरून आरामात गेले, एकानं मान वर केली आणि परत ठेवली. मग मी दिसलो. काळा कुत्रा उठला, दोन पावलं पुढे आला आणि असा भुंकला की बाकीचे दोघेही उभे राहिले.

‘थांब मामा. पळू नको. चाल.’

मी चाललो, हात खिशात.

‘अबे काळू,’ भाचा मागे वळून म्हणाला, ‘घरचा आहे तो.’

काळूला ते पटलं नसावं. पुढच्या विजेच्या खांबापर्यंत तो माझ्या मागोमाग आला.