‘झोपलेल्या’ लाइम जिवाणूबद्दल काय खरं, काय खोटं

गोचीड चावून होणाऱ्या लाइम आजाराबद्दल एक दावा सारखा फिरत असतो. त्याचं सार असं: गोचिडीतून अंगात शिरलेला जिवाणू औषध आलं की गोल होऊन झोपतो, झोपेतच प्रतिकारशक्ती बंद पाडतो, त्यामुळे रक्ततपासणी निगेटिव्ह येते, म्हणून महिनोन् महिने अँटिबायोटिक घ्यावं.

झोपण्याची गोष्ट निम्मी खरी आहे. बोरेलिया बर्गडॉरफेरी हा मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू प्रयोगशाळेत उपाशी ठेवला की गोल होतो आणि पोषण मिळालं की पुन्हा पीळ धरतो. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या माऱ्यातून परीक्षानळीत काही पेशी वाचतात. उपचार केलेल्या उंदरांत आणि माकडांतही जिवाणूच्या खुणा सापडल्या आहेत. पण औषधातून तगणाऱ्या पेशी बहुतेक जिवाणूंत असतात. जीवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच पेनिसिलिन दिलेल्या स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जिवाणूमध्ये त्या नोंदवल्या होत्या. औषध जिवाणूंची संख्या घटवतं, उरलेल्यांचा निकाल शरीर लावतं. परीक्षानळीला शरीर नसतं.

प्रतिकारशक्ती बंद पाडण्याचा मुद्दा मात्र सरळ उलटा आहे. चकवा देण्यात तरबेज असतो तो जागा, वळवळणारा जिवाणू. पृष्ठभागावरचं व्हीएलएसई नावाचं प्रथिन तो बदलत राहतो, त्यामुळे आधी तयार झालेल्या अँटिबॉडीला तो ओळखू येत नाही. आपल्याच रक्तातलं ‘फॅक्टर एच’ हे प्रथिन अंगाला चिकटवून तो कॉम्प्लिमेंट या जिवाणू मारणाऱ्या प्रथिनांचा हल्ला परतवतो. उंदरांत तर तो लसिकाग्रंथींमधली प्रतिकारशक्तीची दीर्घ टिकणारी स्मृतीही नीट घडू देत नाही. आणि झोपलेला? २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने वाढ थंडावलेले जिवाणू उंदरांना टोचले, तेव्हा सांधे नेहमीपेक्षा जास्त सुजले. प्रतिकारशक्ती बंद पडल्यावर असं होत नाही.

मला यातला सर्वांत महत्त्वाचा धागा वेगळाच वाटतो. सूज यायला जिवंत जिवाणू लागतोच असं नाही. बोरेलिया आपल्या पेशीभित्तिकेचे तुकडे पुन्हा न वापरता बाहेर टाकतो. व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांना २०१९ मध्ये भित्तिकेतलं हे द्रव्य, पेप्टिडोग्लायकन, लाइम संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यात अँटिबायोटिकनंतरही मिळालं. शुद्ध करून उंदरांना टोचल्यावर त्यांचे सांधे सुजले. मग अँटिबायोटिक चालवायचं कशावर? मारण्याजोगं तिथे काही नाही.

तपासणीचं थोडक्यात. अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून लाइमचा सुरुवातीचा त्वचेवरचा चट्टा उठल्या उठल्या निगेटिव्ह येणं नेहमीचंच; तेव्हा डॉक्टर चट्टा पाहूनच उपचार सुरू करतात. उपचारांशिवाय महिने लोटून गुडघा सुजला असेल, तर अँटिबॉडी सहसा भरपूर सापडतात.

राहिला ‘महिनोन् महिने’चा सल्ला. लाइमनंतर त्रास चालूच राहिलेल्या रुग्णांवर २००१ मध्ये अमेरिकेत ९० दिवसांचा उपचार तपासला गेला, २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर आणखी १२ आठवड्यांचा. दोन्हीकडे तुलनेसाठी दिलेल्या खोट्या औषधापेक्षा जास्त गुण आला नाही. या लोकांचा थकवा, अंगदुखी खरीच होती, त्यावर वाद नाही. पण २०१७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने दीर्घ उपचार घेतलेल्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली: कॅथेटरमधून रक्तात गेलेला संसर्ग, मणक्याजवळचं गळू, आणि मृत्यूही.