‘धूर तिथे पगार’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

तो मेसेज शेवटी आमच्या भावकीच्या ग्रुपवरही येऊन पोचला. ‘इंजिनिअरिंगच्या पालकांनो, वेळीच सावध व्हा’ असा मथळा, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग आणि पाच मुद्दे. एक: उद्योजक जन्मावा लागतो, शिकवून होत नाही; बिल गेट्सने कॉलेज सोडलं, आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तरी कुणी शिकवलं होतं? दोन: कॉलेजात शिकवतात त्या उद्योजकता, शाश्वत विकास असल्या विषयांपायी पोरांचं वर्ष वाया जातं. तीन: ‘शाश्वत विकास’ हे परदेशी फॅड आहे, त्यात कुणी कमावत नाही, जिथं धूर निघतो तिथंच पगार निघतो. चार: विशीतल्या पोरांचे स्टार्टअप बुडतात आणि बापाचं घर गहाण पडतं. पाच: सीमाभागातल्या मराठी पोराला धंद्याला कर्ज देणारच कोण? तेव्हा मुकाट पुणे गाठा आणि आयटी धरा.

दाजींनी हे वाचलं आणि भाचीला फर्मान सोडलं: तो कॉलेजचा वीजबचतीचा प्रोजेक्ट सोड, सुट्टीत पुण्याला कोडिंगच्या क्लासला जा. पोरगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दाजींशी जे बोलायचं ते बोलून झालंय. ज्या बाकीच्यांनी अंगठे दाखवून तो मेसेज पुढं ढकललाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण डोकं त्यानंच फिरलं. ‘धूर तिथे पगार’ हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं फाउंड्रीचं, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्याचं, वीजबिल जन्मात पाहिलेलं नाही. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, माझी निम्मी हयात गेली. भट्टीवर जो धूर दिसतो तो मालकाने पैसे मोजून आणलेला आणि पुरता न जळलेला माल असतो. त्यातून पगार निघत नाही, पगारातून तो जातो.

भाचीच्या गटाचा प्रोजेक्ट नेमका असल्याच वाया जाणाऱ्या पैशाचा. एका फाउंड्रीत रविवारी शेड बंद असताना ही चार पोरं गेली. एकही मोल्डिंग मशीन चालू नाही, एकही ग्राइंडर चालू नाही. ही यंत्रं ज्या दाबलेल्या हवेवर चालतात ती टाकीत भरणारा कॉम्प्रेसर फक्त चालू ठेवला आणि घड्याळ लावून बसली. हवा वापरणारं कुणी नाही म्हटल्यावर टाकी एकदा भरली की तो गप्प बसायला हवा. तो बसेना. दोन मिनिटं लोड, म्हणजे हवा भरणं, चार मिनिटं अनलोड, म्हणजे नुसतं रिकामं फिरणं, पुन्हा दोन मिनिटं लोड. म्हणजे कॉम्प्रेसर जेवढी हवा देऊ शकतो तिचा तिसरा हिस्सा कुठून तरी पळतोय. मग साबणाचं पाणी आणि रंगाचा ब्रश घेऊन पाइपलाइन धरली. फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या, ग्राइंडरची होस जिथं जोडतात तिथल्या कपलिंगवर ब्रश टेकवला तर दुधाला उकळी यावी तसा फेस. असे बुडबुडे शेडभर सापडले.

याचा पैशात हिशेब सांगतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे केंद्र सरकारची बीईई, हिच्या मार्गदर्शिकेत कोष्टकच दिलंय: सात बारच्या आसपास दाब असेल तर साधारण 3 मिलिमीटरच्या एका छिद्रातून जाणाऱ्या हवेपायी सुमारे 3 किलोवॅट वीज वाया जाते. दोन शिफ्ट धरा, दिवसाचे 48 युनिट. युनिटला 8 रुपये धरले तर 384 रुपये, 25 दिवसांचे 9,600. एका भोकाचे! एवढी रक्कम दर महिन्याला हवेत, शब्दशः. आणि ही काही युरोपातून आलेली कल्पना नव्हे. बीईई, युनिडो ही संयुक्त राष्ट्रांची उद्योगविकास संस्था आणि जागतिक पर्यावरण निधी यांनी मिळून लघुउद्योगांत ऊर्जाबचतीचा जो प्रकल्प राबवला, त्यात फाउंड्रीसाठी देशातली तीन ठिकाणं निवडली: कोइमतूर, इंदूर आणि आपलं बेळगाव. ज्या गोष्टीसाठी दिल्लीची माणसं आपल्या दारात आली, ती आपल्याच पोरांनी शिकली की फॅड होते काय?

खरा अभ्यास तर पुढं होता. पोरं मालकाकडं गेली: आम्ही गळती शोधून बंद करून देतो, आत्ता काही देऊ नका, बिलात जे वाचेल त्यातला वाटा द्या. मालक हसला. म्हणाला, “बिल कमी आलं तर ऑर्डर कमी हुती म्हणून आलं असंल की. तुमच्यामुळंच आलं कशावरनं?” बिनतोड प्रश्न. पोरांची बोलती बंद. मग कॉलेजात जाऊन सरांसमोर बसली आणि उत्तर घेऊन परत आली: बिल बघायचंच नाही, टनाला किती युनिट पडले ते बघायचं. आधी महिनाभर कास्टिंगचं, म्हणजे ओतलेल्या मालाचं, वजन आणि मीटरचं रीडिंग रोज लिहायचं, मग दुरुस्ती करायची, मग पुन्हा महिनाभर लिहायचं. नोंदवही मालकाच्याच सुपरवायझरच्या हातात, म्हणजे पोरांनी आकडे रंगवले असं म्हणायची सोय नाही. उद्योजकता शिकवणं म्हणजे हेच. गिऱ्हाईक पैसे कशाचे देणार, कधी देणार आणि वाद झाला तर कुठल्या आकड्यावर बोट ठेवायचं? आम्हाला थर्मोडायनॅमिक्स शिकवणाऱ्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

‘परदेशी’ म्हणाल तर ते अर्धं खरं आहे. युरोपियन युनियनने लोखंड-पोलादाच्या ठरावीक मालावर 1 ऑक्टोबर 2023 पासून कार्बनचा, म्हणजे माल बनवताना किती कार्बन हवेत गेला त्याचा, हिशेब मागायला सुरुवात केली. प्रत्येक कास्टिंग त्यात येत नाही. पण माल ज्याला विकायचा त्याची अट फॅड म्हणून उडवून लावायची चैन उद्यमबागेला परवडणारी नाही.

आता किर्लोस्कर. हे नाव घेतलंच आहे तर पुरतं घ्या. लक्ष्मणराव आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म 1869. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, रंगांधळेपणामुळे ती सोडावी लागली, पण यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवायलाही लागले. मेसेजवाल्याने ‘कुणी शिकवलं होतं’ म्हणून ज्यांना साक्षीला उभं केलं, ते स्वतः मास्तर निघाले! पुढं बेळगावात सायकलींचं दुकान, कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला तरी शेतकरी हात लावीनात, लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. नांगर ओतण्याची अक्कल वेगळी आणि तो शेतकऱ्याच्या गळी उतरवण्याची वेगळी. ही दुसरी अक्कल त्यांनी खिशातले पैसे घालून मिळवली. पोरांना ती कॉलेजात थोडी स्वस्तात मिळाली तर कुणाच्या पोटात का दुखावं?

गेट्सबद्दल काय बोलायचं! तो हार्वर्ड सोडून गेला. आधी हार्वर्डला पोचा, मग सोडा.

वर्ष वाया जातं म्हणणाऱ्याने अभ्यासक्रम उघडूनही पाहिलेला नाही. व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, इथं बेळगावात मच्छेजवळ आहे, बसनं जाता येतं. त्यांच्या 2022 च्या स्कीममध्ये पहिल्या वर्षाला ‘इनोव्हेशन अँड डिझाईन थिंकिंग’ हा विषय आहे तो एका क्रेडिटचा. अख्खी डिग्री 160 क्रेडिटची. पुढं उद्योजकतेचे-पर्यावरणाचे आणखी काही विषय येतात ते मिळवले तरी वर्ष सोडा, एक सेमिस्टरही भरत नाही.

चौथ्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. विशीत कंपनी काढून गबर झालेली पोरं पोस्टरवर जास्त, प्रत्यक्षात कमी. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या नोंदी घेऊन अझूले, जोन्स, किम आणि मिरांडा या चौघांनी सत्तावीस लाख संस्थापकांची वयं तपासली, 2020 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. धंदा सुरू करतानाचं सरासरी वय सुमारे 42. सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांचं 45. आकडे तिकडचे आहेत, पण कॉलेजांनी ते भिंतीवर लावावेत. ‘शेवटच्या सेमिस्टरला सीईओ’ असले बॅनर, थर्माकोलची मॉडेलं, चहा-बिस्किट आणि सर्टिफिकेट असल्या दिवसभराच्या स्पर्धा याला शिक्षण म्हणत असाल तर मेसेजवाल्याच्या बाजूने मीही उभा राहीन. पण त्याच अभ्यासाने पहिला मुद्दाही निकालात निघतो. उद्योजक जन्मतःच तयार असता तर पंचेचाळिशीपर्यंत थांबला असता कशाला? भाचीने आत्ता कंपनी काढावी असं मी कुठं म्हणतोय? तिने आत्ता शिकावं, दहा-पंधरा वर्षं कुणाच्या तरी शेडमध्ये घासावी, आणि मग काढायची तर काढावी.

राहिला सीमाभाग. इथल्या कचेरीत मराठी माणसाला कागद वाचायला दुसऱ्याला विचारावं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको. पण कर्जाचं रडगाणं त्याला जोडू नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, पीएमईजीपी, केंद्राचा आहे. उत्पादनाच्या युनिटला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो, कर्ज बँक देते. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात मुलीने युनिट टाकलं तर अनुदान 35 टक्के, शहरात टाकलं तर 25. अर्ज ऑनलाइन. बँकेचा मॅनेजर अडवतो, हेलपाटे घालायला लावतो, ते हुबळीतही घालावे लागतात आणि कोल्हापुरातही. आणि तो मॅनेजर पहिल्यांदा मागतो काय, तर प्रकल्प अहवाल: माल कुणाला विकणार, वीज किती लागणार, हप्ता कशातून फेडणार. तो लिहायला शिकवणारा विषयच सोडून द्या म्हणून हा मेसेज सांगतोय.