शिट्टी माझ्याकडे आहे

माझ्या टेबलावर आत्ता कुकरची शिट्टी आहे. कुकर जर्मनीतल्या स्टुटगार्टला आहे आणि मी तिथल्याच आखेनला. पातेल्यातला भात खाली करपतो, वर कच्चा राहतो, आणि दर वेळी मला डोंबिवलीच्या त्या आजी आठवतात.

कराडहून आम्ही नऊ जण तवेरात कोंबून मुंबई विमानतळावर आलो. तिकीट असणाऱ्यालाच आत सोडतात, म्हणून आठ जण दाराशी रडत थांबले आणि पुण्यापलीकडे कधी एकटी न गेलेली मी आत गेले. बॅग काट्यावर ठेवली. २६.४ किलो. मर्यादा २३.

"मॅम, कमी करा, नाहीतर जादा वजनाचे पैसे भरा."

पैसे! पोरगी तिकडे उपाशी मरणार नाही याची जर्मन सरकारला खात्री पटावी म्हणून एका वर्षाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात. त्यापायी बाबांचा मलकापूरचा प्लॉट बँकेकडे गहाण आहे. आणि पोरगी खरोखर उपाशी मरू नये म्हणून आईनं जे भरलं होतं, ते म्हणे तीन किलो जास्त.

सगळ्यांच्या देखत बॅग जमिनीवर उघडली. मागच्या रांगेत व्हीलचेअरवर एक आजी होत्या. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला आणि आजी व्हीलचेअरवरून उठल्या. नुसत्या उठल्या नाहीत, चालत येऊन माझ्या बॅगेशी मांडी घालून बसल्या. खुर्ची ढकलणारा पोरगा बघतच राहिला.

"पायाला काही झालेलं नाही गं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "रांगेत उभं राहावं लागत नाही. सहावी खेप आहे माझी. हे काय, तूप? काढ. दुधातुपाचं काही तिकडे नेऊ देत नाहीत. पेढे? तेही काढ. कोणी भरलीय बॅग?"

"आईनं."

"कधी गेली होती का ती?"

आई गोव्याच्या पलीकडे गेलेली नाही, पण हे परक्या बाईला कशाला सांगू? तेवढ्यात माझ्या मामाच्या म्हशीचं किलोभर तूप खुर्चीवाल्या पोराच्या हातात गेलं होतं. "घरी ने रे बाळा." बाळानं नेलं. साताऱ्याचे कंदी पेढे आजींनी मागच्या रांगेत वाटले, जसं काही मीच त्यांची पास झालेली नात. काउंटरवरच्या बाईंनीही एक घेतला, खाल्ला, बोट पुसलं आणि म्हणाल्या, "मॅम, अजून एक किलो नऊशे ग्रॅम."

निदान पेढ्याचं वजन तरी सोडायचं!

राहिला कुकर. आईनं त्यात मोजे आणि मोज्यांत मेतकुटाच्या पुड्या भरल्या होत्या. आजींनी त्या उपसल्या. "माझ्या मोठ्या बॅगेत दोन किलोला जागा आहे, कुकर मी घेते. माझी हातातली पिशवी सातच्या वर जातेय, तर ही भाजणी तू घे. फ्रँकफर्टला अदलाबदल करू. शिट्टी काढून तुझ्याकडेच ठेव, शिट्ट्या फार हरवतात."

माझ्या डोक्यावर पाटी होती: अनोळखी माणसाकडून सामान घेऊ नये. मी पाटी वाचली आणि भाजणी घेतली. आजींपुढे पाटीचं काय चालणार?

पुढे सुरक्षा तपासणीत जवानानं पिशवी वर धरली. "ये क्या है?" मी म्हटलं, "भाजणी." "वो क्या होता है?" आता ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धणे भाजून दळतात हे मी हिंदीत सांगायला लागले आणि 'धणे'पाशी अडकले. आजी माझ्या शेजारून खुर्चीतून सरकत गेल्या. हात हलवला. माझ्या तोंडाकडे बघून हसल्याही. ओळख दाखवायला काय झालं होतं? पिशवी तुमची ना?

फ्रँकफर्टला पासपोर्टच्या रांगेत मी जीव जाईस्तोवर उभी राहिले. आजी अर्थातच नाही. बाहेर पट्ट्यावर माझी बॅग एकटीच गरगरत होती. स्टुटगार्टच्या लेकीनं आजींना कुकरसकट केव्हाच नेलं होतं.

नंबर होता की माझ्याकडे. आजींनी विमानात स्वतःच्या हातानं लिहून दिला होता. घरी वायफाय मिळाल्याबरोबर नीट बघितला, तर ०२५१नं सुरू होणारा. डोंबिवलीच्या घरचा लँडलाइन. तो अजूनही वाजतो, मी चार वेळा लावून पाहिला. बंद घरात, बहुधा टीव्हीशेजारी, क्रोशाच्या रुमालावर.

भाजणी संपली. चांगली होती, खोटं कशाला बोलू. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "कुकर लावतेस ना गं?" मग मी शिट्टी कॅमेऱ्यासमोर धरते. तिला तेवढ्यानं पटतं.

आणि स्टुटगार्टात एक बाई माझ्या कुकरच्या झाकणावर जड वाटी ठेवून डाळ शिजवत असेल.