अतिसंवाहकाचा शून्य राहू द्या, वरची सरळ रेषा बघा

२०२३ च्या जुलैत कोरियातल्या त्या एलके-९९ नं केवढा धुरळा उडवला होता, आठवतंय ना? खोलीच्या तापमानालाही अतिसंवाहक, म्हणजे विजेला शून्य रोध करणारा पदार्थ, असा त्याचा दावा होता. जो तो चुंबकावर अर्धवट तरंगणारा काळा खडा शेअर करत होता. पुढे उलगडा झाला. १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास रोध धाडकन खाली यायचा, तो नमुन्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. विषय संपला, मंडळी पांगली.

माझी तक्रार वेगळी आहे. अतिसंवाहक म्हटलं की आपल्याला एकच प्रश्न सुचतो: किती तापमानाला? १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी वायबीसीओनं (यिट्रियम, बेरियम आणि तांब्याचं ऑक्साइड) नव्वदी ओलांडली, म्हणजे ७७ केल्विनचा द्रव नायट्रोजन पुरेसा झाला. बेडनॉर्झ-म्युलरना नोबेलही त्याच वर्षी. हे सगळं खरंच थोर आहे. पण या तांब्याच्या ऑक्साइडांचं, म्हणजे क्युप्रेटांचं, खरं कोडं रोध शून्य होतो तिथे नाही. ते त्याच्या वर आहे, जिथे पदार्थ अजून अतिसंवाहक झालेलाच नाही आणि साध्या धातूसारखा वागायला हवा.

तसा तो वागत नाही. योग्य प्रमाणात डोपिंग केलेल्या (म्हणजे मुद्दाम रासायनिक फेरफार करून इलेक्ट्रॉनांची संख्या बदललेल्या) क्युप्रेटचा रोध तापमानाच्या अगदी सम प्रमाणात वाढतो. आलेखावर पट्टी ठेवून ओढावी तशी रेषा. कुणी म्हणेल, त्यात काय, तांब्याचा रोधही खोलीच्या तापमानाला असाच वाढतो. बरोबर, पण तांब्यात त्याचं कारण माहीत आहे: अणूंच्या जाळीची कंपनं, म्हणजे फोनॉन. तापमान उतरवलं की ती कंपनं गोठत जातात आणि रेषा वाकते. वाकायलाच हवी. आता बिस्मथ असलेल्या एका क्युप्रेटचं १९९० मधलं मोजमाप बघा. त्याची अतिसंवाहकता जेमतेम १० केल्विनच्या खाली सुरू होते, त्यामुळे वरचा सगळा पट्टा मोजायला मोकळा. सुमारे १० पासून ७०० केल्विनपर्यंत रेषा सरळ! फोनॉनवर खापर फोडायची सोयच उरत नाही.

वरच्या टोकाची गंमत तर त्याहून मोठी. इलेक्ट्रॉन एका धडकेपासून दुसऱ्या धडकेपर्यंत जे अंतर कापतो ते तापमानाबरोबर घटत जातं. ते दोन अणूंमधल्या अंतराएवढं झालं की त्याहून कमी कुठे होणार? म्हणून नायोबियम-टिनसारख्या संयुगात रोध वर जाऊन सपाट होऊ लागतो. १९८७ मध्ये बेल लॅब्सच्या गुरविच आणि फायोरी यांनी लँथॅनम-स्ट्रॉन्शियमचं क्युप्रेट ११०० केल्विनपर्यंत तापवलं. रोध सपाट व्हायचं नावच घेत नव्हता. आकडेमोड करा, तर ते अंतर अणूंच्या अंतराइतकं किंवा त्याहूनही तोकडं निघतं. याचा माझ्या लेखी अर्थ एकच: ‘इलेक्ट्रॉन नावाचा कण धावतो, धडकतो, पुन्हा धावतो’ हे कॉलेजात शिकवलेलं चित्रच इथे लागू पडत नाही.

हल्ली यावर एक लोकप्रिय उत्तर मिळतं. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा विस्कटायला लागणारा काळ म्हणजे प्लांकचा स्थिरांक (२π नं भागलेला) भागिले तापमानाची ऊर्जा, आणि निसर्गात याहून वेगानं विस्कटणं शक्यच नाही. ३०० केल्विनला हा काळ साधारण २५ फेम्टोसेकंद येतो (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाचा दहा लाखावा भाग). भौतिकशास्त्रज्ञ यान झानेन यांनी २००४ मध्ये मांडलेली कल्पना मोहक आहे, यात वाद नाही. पण मला ती उत्तर वाटत नाही. तोच हिशेब तांब्याला लावला तरी खोलीच्या तापमानाला जवळपास तेवढाच काळ येतो आणि तांब्यात काहीही गूढ नाही. शिशात तर विस्कटण्याचा वेग या तथाकथित मर्यादेच्या कितीतरी पट जास्त आहे. आकडा जुळला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. शिवाय तो काढताना इलेक्ट्रॉनचं वस्तुमान कोणतं धरायचं, यावर बरंच अवलंबून असतं. (हे लिहिल्यावर दोन मित्र भांडायला येणार. या.)

आणि ज्याची चर्चा फारच कमी होते ते हॉल परिणामाचं. पदार्थ चुंबकीय क्षेत्रात ठेवला की प्रवाह किंचित बाजूला वळतो. हा परिणाम किती मोठा आहे ते सांगणारा हॉल गुणांक साध्या धातूत तापमानानं फारसा हलत नाही, क्युप्रेटांत तो चांगलाच बदलतो. १९९१ मध्ये प्रिन्स्टनला ओंग यांच्या गटानं वायबीसीओत थोडं थोडं जस्त घातलं आणि हॉल कोनाचा, म्हणजे प्रवाह किती वळतो त्या कोनाचा, कोटँजंट मोजला (वळण जितकं कमी, तितका हा आकडा मोठा). तो तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात निघाला. जस्तामुळे त्यात फक्त एक ठरावीक भर पडत गेली, जशी चांगल्या धातूत अशुद्धीमुळे पडते. म्हणजे तोच नमुना, तेच इलेक्ट्रॉन, पण रोध विचारला तर उत्तर तापमानाच्या प्रमाणात आणि वळण विचारलं तर वर्गाच्या. त्याच विभागातले सिद्धांतकार फिलिप अँडरसन यांनी लगेच सुचवलं की इथे विस्कटण्याचे एक नव्हे, दोन वेगवेगळे काळ काम करत असावेत. त्यांचा पुढचा सगळा डोलारा मला पटलेला नाही. पण सरळ रेषा समजावून हॉल कोनाबद्दल गप्प बसणारा कुठलाही सिद्धांत मी तरी अर्धाच धरतो, आणि तसे पेपर ढिगानं आहेत.