‘एक जुना नाशिककर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: घरच्या पत्रिकेला चिकटपणा म्हणू नका

नमस्कार. घरच्या घरी लग्नपत्रिका तयार करण्याबद्दलच्या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया वाचली. आपण नाव दिलेलं नाही, ‘एक जुना नाशिककर’ एवढंच लिहिलंय, म्हणून तेच संबोधन वापरते.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपलं म्हणणं असं की कागद, शाई आणि वेळ धरला तर घरची पत्रिका स्वस्त पडतच नाही. चारशे पत्रिकांना दोरा बांधत कोण बसणार? अशा लेखांमुळे छापखानेवाल्यांच्या पोटावर पाय येतो. एवढंच जड जात असेल तर सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आणि त्यानंतर हे वाक्य: ‘हा चिकटपणा आहे, त्याला हौस म्हणू नका, अशी पत्रिका हातात पडली की त्या घराची ऐपत कळते.’

आधी जे बरोबर आहे ते. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई महाग पडते, हे मी लेखात ठळकपणे लिहायला हवं होतं. मान्य. पण घरच्या प्रिंटरवर छापा असं मी म्हटलंच नव्हतं. मजकूर आणि मांडणी घरी, छपाई डिजिटल प्रेसमध्ये, कापणं-दुमडणं पुन्हा घरी, असं स्पष्ट लिहिलंय. कारणही दिलंय. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावताना बोट ओलं असतं. इंकजेटची साधी शाई तिथे लगेच पसरते. डिजिटल प्रेसमधल्या लेझर छपाईचा टोनर, म्हणजे पूडशाई, कागदावर वितळून बसलेला असतो, तो पाण्याला दाद देत नाही. लेख शेवटपर्यंत वाचला असता तर आपला पहिला परिच्छेद लिहावाच लागला नसता.

आता ते वाक्य.

माझे वडील भद्रकालीतल्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाचे खिळे (सुटी अक्षरं) जुळवून मजकूर तयार करायचे. पुढे त्यांनी स्वतःचं ट्रेडल, म्हणजे लहान छपाईयंत्र घेतलं. लग्नसराईत आमच्याकडे पत्रिकांशिवाय दुसरा विषय नसायचा. ‘चि. सौ. कां.’ हा जोड वडील दोऱ्याने बांधून बाजूला ठेवत, कारण तो प्रत्येक पत्रिकेत लागायचाच. परत परत खिळे कोण जुळवणार? प्रूफ वाचायला आम्ही बहिणी. एकीने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसरीने ओल्या प्रुफावर बोट ठेवायचं. मुलाच्या आजोबांचं नाव चुकलं तर अख्खा गठ्ठा पुन्हा छापावा लागतो आणि पैसे आपलेच जातात, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. तेव्हा पत्रिका म्हणजे काय आणि तिचा मान कशात असतो, हे निदान मला तरी कुणी शिकवू नये.

त्याच वडिलांच्या मोठ्या मुलीचं, माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा पलीकडून निरोप आला की पत्रिका पेटीतलीच हवी, आत सुकामेवा घालून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रिका छापलेल्या माणसाने उसने पैसे काढून बाहेरून पेट्या आणल्या. त्यांना स्वतःच्या हाताने लेकीची पत्रिका जुळवायची होती, पण कुणी विचारलंच नाही. लग्नानंतर त्या पेट्या कुठे गेल्या सांगू? बदाम-काजू खाल्ल्यावर कुणी त्यात बटणं ठेवली, कुणी कचऱ्यात टाकल्या. उसनवारी मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत फिटत होती. ‘घराची ऐपत कळते’ असं आपण एका दमात लिहून गेलात. त्या पेट्या बघून लोकांना आमची ऐपत कळली होती का? त्यांना जे कळलं ते खोटं होतं. माझ्या वडिलांची खरी ऐपत त्यांच्या जुळणीत होती.

आणि मतभेद असला तरी तो मांडायची एक रीत असते. मी कुणाच्या घरावर बोललेले नाही. कर्ज न काढता लग्न करू पाहणाऱ्या मुलामुलींना दोन गोष्टी सांगितल्या. त्यावर ‘चिकटपणा’ म्हणायला तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही? तुम्ही जुने नाशिककर म्हणवता. जुन्या नाशकात लग्नघरी शेजारच्या बायका येऊन पापड लाटायच्या, अक्षता रंगवायच्या. त्याला कुणी चिकटपणा म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मग घरच्यांनी मिळून पत्रिका दुमडल्या की तो चिकटपणा कसा होतो?

पोटावर पाय येण्याचं म्हणाल, तर आमचं ट्रेडल कुणा मुलीने घरी पत्रिका केल्यामुळे बंद पडलं नाही. खिळ्यांशिवाय छापणारा ऑफसेट आला, मग कॉम्प्युटर आला, आणि शेवटी खिळ्यांचं शिसं किलोवर विकलं गेलं. ते विकताना मी तिथे उभी होते. मी सांगितलेल्या पद्धतीत छपाईचं काम नाशकातल्याच डिजिटल प्रेसला जातं. तेव्हा हा मुद्दा माझ्यापुढे तरी नको.

बाकीचं थोडक्यात. चारशे पत्रिका असतील तर दोरा बांधू नका, दोरा लग्नाला आवश्यक नाही. वेळेचं म्हणाल तर ज्याला वेळ नाही त्याने छापून घ्यावं, मी कुणाचा हात धरलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जरूर पाठवा, पण पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवायची असते. आमच्याकडे ती वणीला सप्तशृंगीच्या पायाशी जाते, आणि देवीपुढे मोबाइल ठेवता येत नाही. शिवाय विवाह नोंदणीच्या वेळी छापील लग्नपत्रिका मागतात. एवढ्यावर हा विषय माझ्याकडून संपला.

आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही. पण ते एक वाक्य आपण मागे घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे. त्याच लेखाखाली सातपूरच्या एका मुलीने प्रश्न विचारला होता. ती आणि होणारा नवरा दोघेही कंपनीत कामाला, लग्नाचा खर्च दोघंच करणार आहेत, दीडशे पत्रिका हव्यात. तिच्या प्रश्नाखाली लगेच आपलं ‘ऐपत’ आलं. त्यानंतर ती काही लिहायला आलेली नाही.

तर ताई, तुम्ही हे वाचत असाल तर उत्तर इथेच देते. डिजिटल प्रेसमध्ये बारा बाय अठरा इंचाच्या शीटचे पैसे लागतात, पत्रिकेचे नाही. पाच बाय सातची पत्रिका केलीत तर एका शीटवर चारच बसतात. साडेपाच बाय चारची केलीत तर आठ बसतात आणि कापायला कडेची जागाही उरते. म्हणजे दीडशेला अडतीस शीटऐवजी एकोणीस. वर दोन शीट जास्त घ्या, कापताना एखादी बिघडतेच. एकाच बाजूला छापा. मागची बाजू छापली की तिचे पैसे वेगळे लागतात. त्यासाठी मजकूर आटोपशीर हवा. निमंत्रकांची नावं दोन्हीकडच्या आजी-आजोबांवर आणि आई-वडिलांवर थांबवा. काका-मामांची समजूत फोनवर घालता येते.

अक्षरासाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट घ्या. फुकट मिळतो आणि ‘ल’, ‘श’ आपल्या वळणाचे येतात. प्रेसला फाइल पीडीएफमध्येच द्या, नाहीतर त्यांच्या मशीनवर जोडाक्षरं फुटतात. कागद तीनशे जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप), म्हणजे जाड मागा. दुमडायची पत्रिका हवी असेल तर मात्र तो नुसता हाताने दुमडू नका, घडीवर टोनर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. संपलेलं बॉलपेन घ्या, स्टीलची पट्टी लावा, घडीच्या जागी एकदा जोर देऊन रेघ ओढा आणि मग दुमडा.

सगळं छापायला देण्याआधी एकच प्रत काढा आणि घरातल्या दोघांना वाचायला बसवा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं. तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडून बघा. काही अडलं तर इथेच विचारा, मी उत्तर देईन.